बारा व्होल्टचा लोचा

इलेक्ट्रिक गाडीतली छोटी शिशाची बॅटरी काढायची आणि चकाचक लिथियम बसवायची, एवढाच प्लॅन होता. मध्ये बाबा आले. बरं झालं आले.

रात्रीचा एक. चाकण एमआयडीसी. पाऊस असा, की छत्री उघडली काय आणि नाही काय. कंपनीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीसमोर उभा, हातात रिमोट, आणि गाडी ढिम्म. बटण दाबतोय, दाबतोय... दिवा नाही, ‘टुक टुक’ नाही, काहीच नाही. तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला एका सप्लायरकडे बसून, त्याच्या रिजेक्शनची कारणं ऐकून, कंपनीच्या गाडीने नुकताच परत आलो होतो. डोळ्यांत झोप, पोटात भूक आणि घर पंचवीस किलोमीटरवर.

“चार्जिंग संपलं का साहेब?” सिक्युरिटीच्या मामांनी छत्री धरत विचारलं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्याला जगात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि उत्तर होतं, नाही! जाताना ७८ टक्के चार्ज होता. मोठी बॅटरी टुणटुणीत होती. मग माझी तीन वर्षांची, हप्ते अजून चालू असलेली गाडी मेली कशाने?

रिमोटच्या आत लपलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बोनेट उचललं. मामांनी टॉर्च मारला आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या डबड्यावर थांबवला.

“साहेब, ही तर आमच्या छोटा हत्तीत असते तसलीच बॅटरी आहे की.”

होती खरी. तश्शीच. बारा व्होल्टची, शिशाची, दोन टोकांवर पांढरी बुरशी चढलेली.

मोठी झोपते, छोटी जागते

आता जरा फंडा क्लिअर करू, कारण निम्म्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं, आणि मी चाकणमध्ये ऑटो पार्ट्सच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. हसू नका.

गाडी पळवणारी मोठी बॅटरी तीनशेच्या वर व्होल्टची असते. एवढा करंट चोवीस तास गाडीभर खेळवणं धोक्याचं. म्हणून गाडी बंद केली, की मोठ्या बॅटरीचे आतले जाडजूड स्विच, म्हणजे काँटॅक्टर, उघडतात आणि ती सगळ्यांपासून तुटते. झोपलीच म्हणा. आता तिला उठवायचं कोणी? तर त्या बारा व्होल्टवालीने. दारांची लॉक, दिवे, स्क्रीन, वायपर, गाडीतले सगळे छोटे काँप्युटर आणि ते काँटॅक्टर, सगळं चालतं बारा व्होल्टवर. पेट्रोल गाडीत ही बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो. इथे अल्टरनेटर नाही. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा डबा मोठीतून थोडी वीज घेऊन छोटीला पाजतो. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून छोटीला पाजतात. माझी पाजत नाही.

थोडक्यात, छोटी मेली की मोठीला कोणी हाकच मारत नाही. लाखांची बॅटरी भरलेली असते आणि चार-साडेचार हजारांच्या डबड्यावाचून तुम्ही पावसात उभे असता.

त्या रात्री मामांनी गेटवर आलेल्या एका टेम्पोवाल्याला थांबवलं, जंपर केबल लावली, गाडी जागी झाली. तळेगाव चौकात नेहमी दोन तास खाणारा ट्रॅफिक त्या वेळी झोपलेला होता, तेवढंच नशीब. मोशीचा पूल ओलांडताना मी ठरवून टाकलं. बस्स! हे शिसं आता माझ्या गाडीत नको. लिथियम टाकायचं.

बाबा आणि शिसं

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा निर्णय फक्त गाडीचा नव्हता.

माझ्या बाबांनी आयुष्याची सत्तावीस वर्षं शिशात काढली. एमआयडीसीतल्या एका छोट्या बॅटरी कारखान्यात. आता तो बंद झालाय, नाव सांगून उपयोग नाही. आधी कास्टिंगला, मग पेस्टिंगला, शेवटी फॉर्मेशनला. शिसं वितळवून जाळ्या ओतायच्या, त्यांत शिशाच्या ऑक्साइडचा लगदा भरायचा, प्लेटा वाळवायच्या, ॲसिडमध्ये बुडवून चार्ज करायच्या. बाबांच्या पँटींना कायम बारीक बारीक भोकं असायची. ॲसिडची. आई म्हणायची, “तुझ्या बाबांची पँट म्हणजे चाळणी.”

लहानपणीचा एक नियम पक्का आठवतो. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले, की त्यांना शिवायचं नाही. मी धावत जायचो आणि आई मधेच पकडायची. बाबा सायकल लावायचे, सरळ मोरीत जायचे, कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुवायचे, मग अंघोळ, मग मी. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असे असतात. कारखान्यात गूळ द्यायचे, तो खिशातून माझ्यासाठी आणला तरी आई खाऊ द्यायची नाही. का, ते खूप नंतर कळलं. शिशाची धूळ कपड्यांवर बसून घरी येते आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांना जास्त बाधते. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात आलं होतं, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता वाटावी एवढं शिसं आहे. म्हणजे सुमारे ८० कोटी मुलं. आणि त्यामागच्या मोठ्या कारणांमध्ये एक होतं जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून, वितळवून शिसं काढण्याचा धंदा. मी त्या ८० कोटींत नसेन, तर ती त्या मोरीची आणि आईची कृपा.

बाबा मात्र पूर्ण सुटले नाहीत. कारखान्यात रक्त तपासायचे, आकडा वर गेला की काही महिने पॅकिंगला टाकायचे, खाली आला की परत पेस्टिंग. चार वर्षांपूर्वी त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनीचा त्रास. डॉक्टरांना विचारलं, शिशामुळे का? ते म्हणाले, असू शकतं. बीपी पण आहे, वय पण आहे, एकावरच बोट ठेवता येणार नाही. बाबा केबिनबाहेर येऊन म्हणाले, “बघ, शिसं सुटलं.”

मला राग आला होता. कारखान्याचा, शिशाचा, बाबांच्या त्या बोलण्याचा. म्हणून चाकणच्या पावसात गाडी दगा देते आणि बोनेटखाली शिशाची बॅटरी दिसते, तेव्हा माझं डोकं फिरलं त्यात गाडीचा वाटा थोडाच होता.

सकाळी चहावर जाहीर केलं. “बाबा, मी लिथियम टाकतोय.”

“का? काय केलं शिशाने?”

“बंद पडलं.”

“आधी काही बोललं नाही?”

बोललं होतं तसं. दोन-तीन आठवडे लॉक उघडताना आवाज मंद यायचा. स्क्रीन चालू होताना एकदा-दोनदा मिचमिचली होती. मी म्हटलं, सॉफ्टवेअर असेल. हल्ली सगळं सॉफ्टवेअरच असतं ना!

बाबा बशीत चहा ओतत म्हणाले, “शिसं फसवत नाही. मरायच्या आधी खोकतं. तू ऐकलं नाहीस. आणि एक सांगू? टाकी रिकामी झाली, तर आधी नळ गळतोय का ते बघावं. तू टाकीच बदलायला निघालास.”

मी ऐकलं नाही. एमबीए केलेली पोरं बापाचं बशीतलं ज्ञान ऐकत नाहीत.

नवी नवरी घरात

तर लिथियम आली. यातलंही एक नीट समजून घ्या. लिथियम म्हटलं की लोकांना मोबाइलची किंवा पेटलेल्या स्कूटरची बॅटरी आठवते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला धुमसणाऱ्या स्कूटरचा व्हिडिओ आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केला होता. पण बारा व्होल्टच्या जागी बसते ती बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेटची, एलएफपी. ही जात त्यातल्या त्यात शांत स्वभावाची, सहजी पेट न घेणारी. जॉन गुडइनफ यांच्यासोबत १९९७ मध्ये ज्यांनी हिच्यावरचा पहिला मोठा पेपर लिहिला, त्यांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ते लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी.

गाडीत छोटी लिथियम घालणं हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हतं. पोर्शेने २०१० मध्येच काही गाड्यांना अशी बॅटरी जास्तीचे पैसे घेऊन दिली होती. टेस्लाने २०२१ पासून शिशाची छोटी बॅटरी काढून लिथियम घालायला सुरुवात केली. आपल्या पट्ट्यातही हवा बदललीच आहे. आकुर्डीत जिथे जुनी चेतक बनायची, तिथे २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई बनतात आमच्या चाकणलाच. मग मी तरी १८५९ ची बॅटरी का वापरायची? हो, १८५९! गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाने शिशाची ही बॅटरी केली, तेव्हा आपल्याकडचं सत्तावनचं बंड नुकतंच थंडावलं होतं.

बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “तुमची ती रेवा २००१ साली आली, ती शिशावरच पळायची ना?” खरं होतं. भारतातल्या त्या पहिल्या चलतीच्या इलेक्ट्रिक कारच्या मोठ्या बॅटऱ्याही शिशाच्याच होत्या. त्याच्याही आधी, अमेरिकेत १९१२ मध्ये कॅडिलॅकने बॅटरीवरचा स्टार्टर दिला, हँडल फिरवायचा त्रास गेला आणि पेट्रोल गाड्यांनी तेव्हाच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं दुकान बंद पाडलं. म्हणजे शिशाच्याच एका बॅटरीने इलेक्ट्रिक गाड्या मारल्या, आणि शंभर वर्षांनी तीच त्यांच्या बोनेटखाली बसून त्यांना उठवतेय.

असो. पार्सल आलं. बाबांनी घरचा वजनकाटा आणला. जुनी साडेनऊ किलो, नवी तीन किलो दोनशे. किंमत मात्र उलटी. जुनी साडेचार हजाराची, नवी चौदा हजाराची. जुनी ३५ अँपिअर-अवरची, नवी २४ ची. “कमी कशी चालेल?” बाबा म्हणाले. मी म्हटलं, इलेक्ट्रिक गाडीत इंजिन फिरवायचं नसतं, मोठा झटका लागत नाही. शिशाची निम्म्याखाली रिकामी केली की खराब होते. ही जवळजवळ तळापर्यंत वापरता येते आणि हजारो वेळा भरता येते. ते ऐकून घेत होते. पटत नव्हतं, पण ऐकत होते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायला निघालो, तर बाबा उठून उभे राहिले. “त्याला नाही. दुकानात दे, पावती घे.” बॅटरी वेस्टचे २०२२ चे नियम त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत. जुनी बॅटरी गोळा करून रीतसर रिसायकल करायची जबाबदारी आता बनवणाऱ्यावर असते. शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, ते नीट भट्टीत गेलं तर नवी बॅटरी होते. पत्र्याच्या शेडमागे गेलं, तर कुणाच्या तरी पोराच्या रक्तात जातं. बाबा एवढंच म्हणाले, “ते धुराचं काम मी पाहिलंय.”

पोपट

चार महिने मजेत. स्क्रीन चटकन चालू, लॉक खटकन. गणपतीत आम्ही सगळे मेहुण्याच्या सात सीटर गाडीतून वाईला गेलो. चार दिवस गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मंगळवारी रात्री उशिरा आलो. बुधवारी सकाळी सव्वासहाला बाबांची उपाशीपोटी रक्ततपासणी आणि लगेच किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. ती मिळवायला मी दीड महिना फोन केले होते.

सहाला खाली आलो. बटण दाबलं.

ढिम्म.

या वेळी खोकला नाही, मिचमिच नाही, काही नाही. रात्रीत माणूस उठून गेल्यासारखं. मी नवीन घेतलेला छोटा जंप स्टार्टर आणला, खिशात मावणारा, ऑनलाइनवर साडेचार स्टारवाला. लावला, तर त्याने लाल दिवा दाखवून एरर दिली. पुन्हा लावला, पुन्हा एरर. घाम फुटला. बाबा शेजारी उभे, हातात फाइल, पोटात काही नाही. मी ॲपवर रिक्षा शोधत होतो आणि रिक्षा कॅन्सल करत होती.

बाबा म्हणाले, “मीटर आण.”

मल्टिमीटर आणला. बॅटरीच्या टोकांवर लावला. शून्य. जवळपास शून्यच.

“गेली चौदा हजाराची,” मी म्हटलं.

“गेली नाही. एवढं शून्य मेलेलं शिसंसुद्धा दाखवत नाही. ही दार लावून बसलीये.”

बाबांना लिथियम माहीत नव्हतं. बॅटरी माहीत होती. लिथियमच्या डब्यात एक सर्किट असतं, बीएमएस. सेल फार रिकामे झाले, की ते खराब होऊ नयेत म्हणून हे सर्किट बाहेरचा दरवाजाच बंद करतं. टोकांवर मग व्होल्टेज दिसत नाही. आणि हुशार जंप स्टार्टर पलीकडे व्होल्टेज दिसत नाही म्हणून करंट सोडत नाही. दोघं हुशार एकमेकांकडे बघत बसतात आणि माझा पोपट होतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची जुनी इंडिका खाली उभी होती. पिंपरीला बनलेली, २०१८ मध्ये इंडिका बंद झाली त्याच्या आधीची. बाबांनी काकांना उठवलं. काका लुंगीवर आले. इंडिकाची शिशाची बॅटरी, आमची जंपर केबल. आधी लाल, मग काळी, आणि काळीचं शेवटचं टोक बॅटरीला नाही तर गाडीच्या बॉडीला. मीटरवर १२.५ उमटले. एक मिनिट थांबलो. बटण दाबलं. स्क्रीन उजळली, हिरवं ‘रेडी’ आलं. मीटर १४.१ वर गेला, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला पाजू लागली.

काका म्हणाले, “म्हणजे आमच्या डबड्याने तुमचं विमान उडवलं!”

बाबा काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. शिशाने लिथियमला उठवलं होतं.

हॉस्पिटलला चाळीस मिनिटं उशीर झाला. रक्त घेतलं. डॉक्टरांनी बारा वाजता बसवून घेतलं. आकडा होता तेवढाच होता, वाढला नव्हता. मी कॉरिडॉरमध्ये बसून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

नळ कुठे गळत होता

त्याच रविवारी बाबांनी मला कामाला लावलं. गाडी पूर्ण बंद. बोनेट उघडं, पण त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरने दाबून बसवलेली, म्हणजे गाडीला वाटावं बोनेट लागलंय. रिमोट घरात, लांब. मग चाळीस मिनिटं काहीही करायचं नाही. “तिला झोपू दे. जागी असताना मोजशील, तर काय कळणार?” आम्ही पार्किंगमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. इतका वेळ बाबांशी नुसतं बसलो, त्याला किती वर्षं झाली असतील, आठवेना.

मग क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरवर. ०.४० अँपिअर.

“झोपलेल्या गाडीला एवढी भूक?” बाबा म्हणाले. एकेक फ्यूज काढत गेलो. ०.४०... ०.४०... आणि एक फ्यूज काढला तशी सुई... म्हणजे आकडा, ०.०२ वर आला.

तो फ्यूज होता डॅशकॅमचा. मी वर्षभरापूर्वी बाहेरून बसवून घेतलेला, दोन कॅमेऱ्यांचा, पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा. बसवणाऱ्या पोराने सांगितलं होतं, “सर, चोवीस तास चालू राहील.” राहत होता की!

हिशोब करा. ०.४० गुणिले २४, म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवरच्या वर. ३५ ची शिशाची साडेतीन-पावणेचार दिवसांत साफ, आणि गाडी बंद पाडायला साफ व्हायचीही गरज नाही. २४ ची लिथियम अडीच दिवसांत. रोज चाकण-घर करत होतो तोवर कन्व्हर्टर ते भरून काढत होता, म्हणून कळलं नाही. तीन दिवस उभी राहिली, मेली. चार दिवस उभी राहिली, मेली.

म्हणजे त्या पावसातल्या रात्री शिशाची बॅटरी स्वतःहून मेलीच नव्हती. मी तिला महिनोन् महिने थोडी थोडी उपाशी ठेवत होतो. वारंवार रिकामी झाली, की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. ती खोकली, मी सॉफ्टवेअरला दोष दिला. मेली, तर शिशाला दोष दिला.

“शिसं सुटलं,” मी म्हटलं. बाबा हसले. डॉक्टरांच्या केबिनबाहेर तेच शब्द ऐकून राग आला होता. त्या दिवशी नाही आला.

मग लिथियम ठेवली की काढली? ठेवली. वस्तू चांगली आहे. पण आधी विचारायला हवे होते ते चार प्रश्न आता विचारले, ते तुम्हालाही सांगतो.

एक, गाडी चालू असताना कन्व्हर्टर किती व्होल्ट देतो? माझा १३.९ ते १४.२ देतो; माझ्या लिथियमवर कमाल १४.६ लिहिलंय. जमतं. तुमचा जास्त देत असेल, तर नाद सोडा.

दोन, गाडीच्या मीटरला लिथियमची भाषा कळते का? शिशाची भरलेली १२.७, अर्धी १२.२, घसरण दिसते. लिथियम अर्धी रिकामी असली तरी १३.२ दाखवत राहते. गाडीला वाटतं सगळं मस्त आहे, आणि मग एकदम दार बंद. म्हणून मी बॅटरीवर ब्लूटूथवाली घेतली, मोबाइलवर टक्के दिसतात.

तीन, वॉरंटी. बाहेरची बॅटरी बसवली तर काय, हे सर्व्हिस सेंटरकडून आधी आणि लेखी विचारा. तोंडी ‘हो सर, चालतं’ला काही अर्थ नसतो.

चार, थंडी. शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये ती वेळ येत नाही. लेहला निघाला असाल, तर बघा.

आणि या सगळ्याच्या आधी शून्य नंबरचा प्रश्न. गळती आहे का? ती असेल, तर शिसं घाला, लिथियम घाला नाहीतर सोनं घाला, सगळं रिकामंच होणार.

त्या रविवारी डॅशकॅमची वायर बदलून झाली, आता गाडी बंद की कॅमेरा बंद. बोनेट लावलं. बाबा नळाशी गेले आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागले. साबण लावला, धुतला, परत लावला.

“बाबा, लिथियम आहे हो ती. शिसं कुठेय त्यात?”

“अरे हो,” ते म्हणाले, पण दुसऱ्यांदाही पूर्ण कोपरापर्यंतच धुतले. मग मीही साबण घेतला. त्यांच्या शेजारी उभं राहून, दोनदा.

वर गेल्यावर आई म्हणाली, “झाली का अंघोळीची वेळ? बाप-लेक एकदमच आलात.”

तर मंडळी, या वीकेंडला लोणावळ्याला जायच्या आधी चाळीस मिनिटं काढा आणि आपल्या गाडीची भूक मोजा. आणि घरी कुणी बॅटरीवाले बाबा, काका, मामा असतील, तर खुर्ची टाकून त्यांनाही शेजारी बसवा.